खालच्या दुकानातली स्की

मी स्की बोलतेय. खालच्या दुकानातली, भाड्याची. बर्फावरून घसरायला माणसं पायाला ज्या दोन लांब पट्ट्या अडकवतात, त्यातली मी एक. माझी बहीण शेजारीच उभी आहे, पण ती बोलणार नाही. तिच्या वाट्याला उजवा पाय आला होता आणि उजव्या पायाला काही झालं नाही, त्यामुळे आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं तिचं म्हणणं. माझ्याकडे आहे, आणि ते मनातून जात नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. वरून मी प्लॅस्टिकची दिसते, पण पोटात लाकूड आहे. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, तापवून, दाबून आम्हा दोघींना घडवलं. कडांना पोलाद बसवलं. अंगावर जांभळ्या रंगाच्या लाटा काढल्या. त्या वर्षी जांभळ्याची चलती होती.

मग आम्ही होखमाटला गेलो, डोंगराच्या माथ्याजवळच्या गावात. तिथे सगळंच महाग. साधी कॉफी प्यायची तरी लोक आधी पाकीट चाचपून बघतात. आमचं दुकान काचेचं होतं. उभं राहायला गरम फळ्या, रोज संध्याकाळी मेणाचं मालीश. भाड्यानं नेणारी मुलं लांबलांबच्या देशांतली. त्यांना आमचं कौतुक नव्हतं. पाय दुखला की आम्हाला हॉटेलच्या दारात टाकून ती आत चॉकलेट प्यायला पळत. पण आबाळ झाली असं म्हणणार नाही. पोटभर काम होतं.

दोन हिवाळे गेले आणि जांभळा रंग जुना झाला. माणसं म्हातारी झाली की वर जातात, आम्ही खाली येतो. होखमाटच्या दुकानानं आमच्यासारख्यांचा गठ्ठा बांधला आणि खालच्या खोऱ्यात पिउसला विकून टाकला.

पिउसचं दुकान पोस्टबसच्या थांब्यामागे, पूर्वी जिथे गुरं बांधायची तिथे. दार ढकलल्याशिवाय उघडत नाही. आत बुटांचा वास, मेणाचा वास आणि पिउसच्या बायकोच्या, मारलीसच्या, सूपचा वास. पण वरच्या दुकानात आठवडाभराला जे भाडं पडतं, त्यात इथे अख्खा हिवाळा निघतो. बर्फ तोच, डोंगर तोच, फक्त बसनं अर्धा तास खाली यायचं. पाहुण्यांना हे ठाऊक नसतं आणि गावकरी त्यांना सांगत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा सगळ्या संतांचा सण झाला की खोऱ्यातले आईबाप मुलांना घेऊन येतात, आणि मागच्या वर्षीची जोडी आखूड झाली म्हणून लांब जोडी हिवाळाभरासाठी नेतात. नाताळच्या आत पिउसकडच्या चांगल्या जोड्या संपतात. उशिरा येईल त्याला उरलंसुरलं.

आता माझं काम काय, ते सांगायला हवं. लोकांना वाटतं, स्कीचं काम घसरणं. घसरवतो तो उतार, मी नुसती साथ देते. माझी खरी कामं दोन. बूट धरून ठेवणं आणि वेळ आली की सोडणं. माझ्या पाठीवर एक पकड आहे, तिच्यात स्प्रिंग आहे. माणूस पडला आणि पाय मुरगळायला लागला की पकडीनं खटकन बूट सोडला पाहिजे, नाहीतर मी त्या पायाला मुळासकट पिळून काढीन. किती जोर आला की सोडायचं, हे एका स्क्रूवर ठरतं. तो पिरगाळणारा पिउस. जो जोरात जातो त्याला पकड घट्ट लागते, नाहीतर स्की वाटेतच सुटते. जो नवशिका आहे त्याला सैल लागते, कारण नवशिका हळू पडतो आणि हळू पडण्यातच हाड जातं.

म्हणून पिउस प्रत्येकाला विचारतो, वजन किती आणि येतं किती. माणसं दोन्हीकडे खोटं बोलतात. पिउस पुरुषांच्या कौशल्यातून थोडं वजा करतो, बायकांच्या वजनात थोडं मिळवतो आणि मग स्क्रू फिरवतो. लहान मुलांच्या शब्दावर मात्र तो अजिबात विसंबत नाही. मुलाच्या पकडीचं आईनं नाहीतर बापानं सांगायचं, असा त्याचा शिरस्ता. मुलं तोंडानं विमान उडवतात, असं तो म्हणतो.

देओलिंडा आली ती उशिराच, नाताळ तोंडावर असताना. होखमाटच्या एका मोठ्या हॉटेलात ती खोल्या आवरते. पोर्तुगालची. नवरा दुसऱ्या खोऱ्यात बांधकामावर, रविवारी घरी. तिच्याबरोबर तिची मुलगी होती, इरिया, बारा वर्षांची. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ही पोर आजीजवळ समुद्रकाठी वाढली होती. इथे आली आणि इथली बोली तिनं अशी उचलली की डोळे मिटून ऐकलं तर पिउसची भाची वाटावी. डोक्यावर गावच्या स्की मंडळाची लोकरीची टोपी. तिची मैत्रीण यानिना त्या मंडळातली, तिला दोन टोप्या मिळाल्या होत्या, त्यातली एक तिनं इरियाला दिलेली.

आईला मात्र इथली भाषा आली नव्हती. हॉटेलात सगळ्या पोर्तुगीज बायका. "नमस्कार", "स्वच्छ", "उद्या" आणि "चूक माझी", एवढ्यावर तिचं चालत होतं. बाकी सगळीकडे तिचं तोंड म्हणजे इरिया. दवाखान्यात इरिया, बँकेत इरिया, शाळेत बाईंना भेटायला गेली तरी मध्ये इरियाच. मायलेकींचं हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. आई बोलते, लेकरू ऐकतं, आणि मग लेकराच्या तोंडून आई बोलते. भाड्याच्या स्कीला सगळ्या भाषा कळतात. पायाखाली राहणाऱ्याला त्या कळाव्याच लागतात.

जानेवारीत शाळेचा स्कीचा आठवडा होता. सगळा वर्ग डोंगरावर जाणार. शाळेच्या बर्फातल्या दुपारी इरियानं आजवर कानदुखी आणि पोटदुखी करून टाळल्या होत्या, पण आख्खा आठवडा कान कुठवर दुखणार? देओलिंडानं आधी होखमाटची सगळी दुकानं पालथी घातली होती. एका दुकानात तर भाडं ऐकून ती सवयीनं "स्वच्छ" म्हणून बाहेर पडली होती. तिनं ही गोष्ट हसत हसत मारलीसला सांगितली, म्हणजे इरियानं सांगितली, पण "स्वच्छ" तिनं गाळलं. तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं. शरदातला जुन्या सामानाचा बाजार हुकला होता. शेवटी हॉटेलातल्या स्वयंपाक्यानं बाईला खालच्या दुकानाचा पत्ता दिला, आणि सुट्टीच्या दिवशी ती बस धरून खाली आली.

आम्ही दोघी मागच्या कोपऱ्यात उरलो होतो, रंगामुळे. पिउसनं आम्हाला काढलं, इरियाच्या हनुवटीला लावून उंची बघितली. बरोबर बसली. देओलिंडानं भाडं विचारलं, ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. तिला परवडणार होतं. मलाही बरं वाटलं. कोपऱ्यात उभं राहून कंटाळा आला होता.

मग पिउसनं स्क्रूड्रायव्हर हातात घेतला. टोपी बघितली, बोली ऐकली. त्या खोऱ्यात गावच्या पोराला स्की येते का असं कुणी विचारत नाही. माशाच्या पिल्लाला पोहायला येतं का, असं विचारण्यातली ती गत. पण शिरस्ता तो शिरस्ता. त्यानं आईकडे मान वळवून विचारलं, "कशी लावू? मंडळातल्या पोरांना लावतो तशी घट्ट, नेहमीसारखी?"

इरियानं आईला पोर्तुगीजमध्ये सांगितलं, पकड कशी लावू असं ते विचारतायत.

देओलिंडा म्हणाली, आणि तिचा शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे, "सेन्योरला म्हणावं, हिला काहीच येत नाही. आयुष्यात कधी पायात घातली नाही. माझी एकुलती एक पोर आहे, तिला सांभाळेल अशी लावा. आणि काय शिकायला लागेल तेही त्यांनी सांगावं."

इरियानं मागे वळून बघितलं. दारापाशी तिच्या वर्गातली दोन मुलं आपापल्या आयांबरोबर रांगेत उभी होती. त्यांचे कान इकडेच होते.

"आई म्हणते, नेहमीसारखी," इरिया म्हणाली.

पिउसनं स्क्रू फिरवला. एकदा, मग आणखी थोडा. माझी स्प्रिंग आवळली. मला तोंड असतं तर मी तिथेच ओरडले असते. देओलिंडानं पर्स उघडली, पैसे दिले, "नमस्कार" म्हणाली. इरिया आम्हाला खांद्यावर घेऊन बाहेर पडली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की दारातली मुलंसुद्धा तिच्याकडे बघून हसली.

डोंगरावर पहिल्याच सकाळी गुरुजींनी वर्गाचे दोन भाग केले. ज्यांना येतं ते डावीकडे, नवीन मुलं उजवीकडे. उजवीकडे तिघंच उभी राहिली, त्यातला एक पाहुणा म्हणून आलेला, आणि त्यांच्यापुढे छोट्यांचा दोरीचा उतार. यानिना इरियाचा हात धरून डावीकडे गेली. गुरुजींनीही काही विचारलं नाही. टोपी बघितली असेल.

लिफ्टच्या पाळण्यात इरियानं आम्हा दोघींना एकमेकींवर घट्ट दाबून धरलं होतं. माणूस घाबरला की आधी आम्हाला कळतं. यानिना आदल्या वर्षीच्या शर्यतीच्या गप्पा मारत होती आणि इरिया "हो ना" म्हणत होती. वर उतरताना ती कशीबशी उभी राहिली. बाकीची मुलं भुर्रकन निघाली. यानिना थोडं खाली जाऊन थांबली आणि म्हणाली, "ये की गं, वाट कसली बघतेस?"

ती आली. जरा वेळ बरी आली. मी होता होईल तेवढं सरळ धरलं. माझ्या कडा बर्फात रुतवायला तिला यायला हवं होतं, ते तिला येत नव्हतं. मग उतार थोडासा वळला. फार नाही, छोट्यांनीही वळावं एवढाच. बहीण एकीकडे गेली, मी दुसरीकडे. इरिया मागे बसल्यासारखी झाली आणि हळूच, अगदी हळूच, बाजूला कलंडली. जोरात पडली असती तर बहुधा मी सुटलेही असते. माझं टोक बर्फात अडकलं आणि तिचं सगळं अंग उलट्या बाजूला फिरू लागलं.

मी वाट बघत होते, स्प्रिंग कधी सुटते त्याची. जोर आला, वाढला, पण ज्या जोरापाशी मला सोडायचं होतं तिथवर तो पोचलाच नाही. मी धरून ठेवलं. मला तसंच सांगितलं होतं. त्यानंतर जे झालं ते मी ऐकलं, आणि तो आवाज मी सांगणार नाही.

यानिना धडपडत वर आली. "निघाली का नाही स्की? निघायला हवी होती," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिनंच काठीनं माझी पकड दाबून बूट सोडवला. बचावपथकाची घसरगाडी आली, इरियाला पांघरुणात गुंडाळून घेऊन गेली. आम्हा दोघींना कुणीतरी लिफ्टच्या खोपटाला टेकवून ठेवलं. तिथे आठवडाभर आमच्यावर बर्फ पडत राहिला, मग गुरुजींनी आम्हाला इरियाच्या घरी पोचवलं.

खोऱ्यात बातमी बसच्याही आधी पोचते. पिउसच्या भाड्याच्या स्कीनं पोरीचा पाय मोडला, असं लोक बेकरीत बोलू लागले. होखमाटच्या काचेच्या दुकानातले म्हणाले, स्वस्तात घ्याल तर असंच होणार. पिउसला हे सगळं कळत होतं. मारलीस सांगते, तो जेवेनासा झाला होता. दुकानातल्या एकेका स्कीची पकड तो पुन्हा पुन्हा तपासायचा. माणूस आतल्या आत कुढत होता.

ईस्टरच्या आधी मायलेकी आम्हाला परत करायला आल्या. देओलिंडाच्या खांद्यावर आम्ही, आणि मागून कुबड्यांवर इरिया. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. दुकानात दुसरं कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

पिउसनं आम्हाला हातात घेतलं आणि माझी पकड बोटानं चाचपली. आधी बोलली ती मारलीस. "झेपत नाही तर पोरांना वर पाठवायचं कशाला? आणि आमचं नाव गेलं ते वेगळंच," ती बूट पुसता पुसता म्हणाली. इरियानं हे आईला सांगितलं नाही, पण मारलीसच्या तोंडाकडे बघून देओलिंडाला ते कळलं असावं.

मग पिउसनं विचारलं. रागानं नाही, विनवल्यासारखं. "मला एकच सांगा. त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं. विचारलं होतं ना? तुम्ही काय म्हणाला होतात?"

हे मात्र इरियाला आईपर्यंत पोचवावं लागलं. तिनं ते खाली मान घालून, आवाज बारीक करून सांगितलं.

देओलिंडानं लेकीकडे बघितलं. मग तिनं इरियाला बाजूला सारलं आणि ती स्वतःच्या तोंडानं, तिला येत होते तेवढ्या आणि त्या दिवशी लेकीच्या तोंडून ऐकलेल्या शब्दांत बोलली.

"मी बोलले. नेहमीसारखी. चूक माझी."

पिउसनं मान हलवली. मारलीसनं "बघा" अशा नजरेनं नवऱ्याकडे बघितलं. संपलं होतं सगळं. मायलेकी वळून निघून गेल्या असत्या, पिउस त्या रात्री जेवला असता, आणि खरं काय ते फक्त मला माहीत राहिलं असतं.

इरिया हलेना. तिनं एक कुबडी माझ्या शेजारी भिंतीला टेकवली.

"खोटं बोलतेय ती," इरिया म्हणाली. "तिनं सांगितलं होतं, मला काहीच येत नाही, मला सांभाळेल अशी लावा. मी ते तुम्हाला सांगितलं नाही. आईला यातलं काही माहीत नाही."

मारलीसच्या हातातलं फडकं थांबलं. पिउस स्टुलावर बसला. इरिया रडत होती, पण रडता रडता ती आईकडे वळली आणि आत्ता काय बोलली ते तिनं पोर्तुगीजमध्येही सांगितलं. या वेळी तिनं काही गाळलं नाही. मारलीसचं बोलणंसुद्धा सांगितलं.

देओलिंडानं सगळं ऐकून घेतलं. लेकीच्या गालावरचे केस मागे सारले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं, बाळा," ती म्हणाली. "मी एवढं लांबलचक बोलले आणि तू त्यांना तीनच शब्द सांगितलेस. मला भाषा येत नाही, पण मोजता येतं. तुझा चेहरा असा खुलला होता ना, इथे आल्यापासून मी तो तसा बघितलाच नव्हता. म्हणून मी गप्प बसले. मग चूक माझी नाही तर कुणाची?"

हे पिउसला कुणी सांगितलं नाही. इरियाला सांगताच येईना, ती आईच्या कोटात तोंड खुपसून उभी राहिली. पण मारलीस उठली, स्टोव्हवरचं सूप तिनं दोन वाट्यांत ओतलं आणि मायलेकींपुढे ठेवलं. तिला तेवढंच जमत असावं.

पिउसनं फळीवरून इरियाच्या मापाचा बूट काढला. मला टेबलावर आडवं ठेवलं, बूट माझ्या पकडीत अडकवला. मग स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू उलटा फिरवू लागला. माझी स्प्रिंग सैल होत गेली. किती दिवसांनी मला श्वास घेता आला. त्यानं इरियाला जवळ बोलावलं आणि बूट हातानं पिळायला सांगितला.

तिनं पिळला. तिच्या हातात फारसा जोर नव्हता. तरी मी खटकन सोडलं.

इरिया सुटलेल्या बुटाकडे बघत राहिली. मग तिनं तो पुन्हा अडकवला आणि पुन्हा पिळला. तसं तिनं कितीदा तरी केलं, आणि दर वेळी मी सोडलं. पिउसनं तिला थांबवलं नाही.

आता मी नवशिक्यांच्या फळीवर असते, दाराजवळ. इरिया पुन्हा आलेली नाही. येईल की नाही, मला माहीत नाही. तिचा पाय सांधला आहे, असं बसचा ड्रायव्हर सांगत होता. पिउसनं शिरस्ता बदलला. आईला विचारतो, पोराला विचारतो, आणि आईला इथली भाषा येत नसेल तर बेकरीतल्या पोर्तुगीज बाईला बोलावून तिसऱ्यांदा विचारतो. रांगेतली माणसं वैतागतात.

तुम्ही कधी आमच्या खोऱ्यात आलात तर वर जाऊ नका, खाली या. दार जोरात ढकला. भाडं परवडेल, सूपही मिळेल. आणि तुम्हाला येत नसेल तर येत नाही असं मोठ्यानं सांगा, रांगेत कुणीही उभं असलं तरी. मी तुम्हाला सोडीन.